हिटर तोडा म्हणणाऱ्यांना उत्तर

दिवाळी उलटून थंडी पडू लागली की नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्कलकुवा इथल्या गॅरेजांपुढे जुन्या डिझेल जीपा उभ्या राहू लागतात. तक्रार एकच : सकाळी गाडी चालू होत नाही. सल्लाही बहुतेक ठिकाणी एकच मिळतो : ‘हिटर काढून टाका. खानदेशात त्याची गरजच काय? इंजिनात दम असेल तर नुसत्या सेल्फवर उठतं.’ एखादा मिस्त्री हिटर, म्हणजे इंजिनाला पेट घ्यायला उष्णता देणारा प्लग, ठेवतो, पण रिले फेकून देतो, डॅशबोर्डखाली एक बटण ठोकतो, घरच्या वायरिंगमधून उरलेली वायर बॅटरीवरून ओढतो आणि ‘डायरेक्ट करून दिलं’ म्हणून सांगतो. गाडी त्या दिवशी चालू होते, मालक पैसे देऊन जातो. पुढच्या थंडीत त्याच मालकाला बॅटरी बदलायला सांगतात, त्यानंतर सेल्फ, त्यानंतर नॉझल, आणि शेवटी ‘इंजिनाने काम काढलंय’ असा निकाल येतो.

हा सल्ला चुकीचा आहे आणि गरीब माणसाच्या खिशाला तो सर्वांत जास्त चावतो. तो देणारी माणसं अडाणी नाहीत. त्यांच्या हाताखालून शेकडो गाड्या गेल्या आहेत. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक मुद्द्याला मुद्द्यानेच उत्तर द्यायला हवं.

आधी कोणत्या गाड्यांबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करू. ज्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, त्या जुन्या डीआय इंजिनांपैकी अनेकांना हिटर प्लग मुळातच नव्हता. त्यांच्याबद्दल हा वाद नाही. वाद आहे तो प्री-चेंबरच्या इंजिनांबद्दल, म्हणजे ज्यांत डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या कोठडीत फवारलं जातं, तिथे पेट घेतं आणि मग मुख्य सिलिंडरमध्ये उतरतं. ऐंशीच्या दशकात महिंद्राच्या जीपांत आलेलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं इंजिन, टेम्पो ट्रॅक्समधलं मर्सिडीजच्या परवान्यावर बनलेलं ओएम ६१६, १९९४ साली आलेल्या टाटा सुमोचं १९४८ सीसीचं इंजिन आणि १९९८ च्या इंडिकाचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन, ही सगळी याच जातीची. एमएच-१८ चा धुळ्याचा नंबर लावून फिरणाऱ्या, म्हणजे १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा होण्याच्या आधीच्या जीपाही अजून या भागात दिसतात, आणि एमएच-३९ च्या सुरुवातीच्या नंबरांच्याही. सातपुड्याच्या घाटांतली वाहतूक वर्षानुवर्षं याच गाड्यांनी ओढली आहे.

आता पहिला मुद्दा : खानदेश गरम आहे, इथे हिटर कशाला?

उन्हाळ्यात नंदुरबारला पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो हे खरं आहे. मे महिन्यात धडधाकट प्री-चेंबर इंजिन हिटरशिवाय उठतं हेही खरं आहे. पण गाडी काही फक्त मे महिन्यात आणि फक्त सपाटीवर चालत नाही. नंदुरबार शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटरवर आहे, सातपुड्यातलं तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, हा नियम लावला तरी तोरणमाळची हवा नंदुरबारपेक्षा सहा अंशांनी थंड भरते. दऱ्याखोऱ्यांत रात्री गार हवा खाली साचते, तिथे पारा आणखी उतरतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात आणि तोरणमाळला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या थंडीत वर्तमानपत्रांत येतात. ज्या जिल्ह्यात दव गोठतं, त्या जिल्ह्यात हिटरची गरज नाही असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

थंडीचा परिणाम इंजिनाच्या आत दुपटीने होतो, हे या वादात कोणी लक्षात घेत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा २१-२२ पट दाबली जाते, दाबाने तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेट घेतं. ढोबळ हिशेबाने, सेल्फ मारताना आत येणारी हवा ४० अंशांची असेल तर दाबल्यावर ती चारशे अंशांच्या आसपास जाते. तीच ५ अंशांची असेल तर सव्वातीनशेच्या घरात अडकते. बाहेर ३५ अंशांचा फरक पडला की आत सत्तर-पंचाहत्तर अंशांचा खड्डा पडतो. वर प्री-चेंबरच्या गार भिंती उष्णता शोषून घेतात, थंडीत घट्ट झालेल्या ऑइलमुळे सेल्फ हळू फिरतो, आणि हळू फिरलं की दाबलेली हवा रिंगांमधून निसटायला वेळ मिळतो. तोरणमाळच्या उंचीवर हवेचा दाबही सपाटीपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी कमी असतो. या सगळ्याची भरपाई करण्यासाठी चेंबरमध्ये आठशे-साडेआठशे अंशांपर्यंत तापणारं एक टोक दिलेलं असतं. तेच हिटर प्लग. ते काढून टाकणं म्हणजे इंजिनाच्या रचनेचा एक भाग कापणं. आणि हिटर ही जुन्या काळाची गोष्ट असती तर कंपन्यांनी ती केव्हाच सोडली असती. आजच्या कॉमन रेल गाड्यांतही हिटर प्लग असतात, त्यांना संगणकी नियंत्रण असतं, आणि इंजिन चालू झाल्यावरही काही वेळ ते तापत राहतात, म्हणजे सुरुवातीचा धूर कमी होतो.

दुसरा मुद्दा दोन तोंडांनी येतो. कोणी म्हणतं, थंडीने डिझेल गोठतं. कोणी म्हणतं, इंजिन म्हातारं झालं, कॉम्प्रेशन गेलं, आता हिटर काय करणार. दोघांनीही आधी सायलेन्सरकडे पाहावं. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा, डोळे झोंबवणारा धूर येत असेल तर तो न जळलेल्या डिझेलचा आहे. डिझेल चेंबरपर्यंत पोहोचतंय, पंप काम करतोय, नॉझल फवारतोय. पेट घ्यायला लागणारी उष्णता तेवढी नाही. डिझेल खरंच घट्ट झालं असेल तर फिल्टर तुंबतो, धूर मुळात येतच नाही, किंवा गाडी चालू होऊन मिनिटाभरात बंद पडते. ही दोन लक्षणं वेगळी आहेत आणि ती ओळखायला कोणतंही यंत्र लागत नाही.

कॉम्प्रेशनबद्दलही तसंच. ते गेलं की नाही हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. हिटर प्लग काढून त्याच भोकात गेज बसवलं की चारही सिलिंडरचा दाब मोजता येतो. ज्या गॅरेजात हे न मोजता बोअर-पिस्टनचा खर्च सांगितला जातो, तिथून मालकाने गाडी उचलावी. आणि इंजिन खरंच थोडं झिजलेलं असेल तर त्याला हिटरची गरज नव्या इंजिनापेक्षा जास्त आहे. दाबातून मिळणारी उष्णता कमी झाली की बाहेरून दिलेल्या उष्णतेचं मोल वाढतं. म्हाताऱ्या इंजिनाचा हिटर तोडण्याचा सल्ला त्यामुळे नेमका उलटा आहे.

तिसरा मुद्दा : ‘हिटर चालू आहे हो, डॅशबोर्डवर बत्ती पेटते.’ या एका समजापायी लोकांनी जितके पैसे वाया घालवले असतील तितके दुसऱ्या कशापायी नसतील. बऱ्याच जुन्या गाड्यांत ती बत्ती स्विचच्या किंवा टायमरच्या बाजूने जोडलेली असते. स्विच दाबला गेला एवढंच ती सांगते. पुढे रिलेचे पॉइंट जळले असतील, प्लग जोडणाऱ्या पट्टीचा नट सैल असेल, चारातले तीन प्लग मेले असतील, तरी बत्ती रोज पेटेल. तपासणी इंजिनावरच व्हायला हवी आणि ती अवघड नाही. चारही प्लग जोडणारी पट्टी सोडवा. टेस्ट लाईटचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं टोक एकेका प्लगच्या डोक्याला लावा. दिवा लागला तर त्या प्लगची तार शाबूत, नाही लागला तर प्लग मेला. दोन प्लग मेलेले असले की इंजिन दोनच सिलिंडरवर उठायचा प्रयत्न करतं, खडखडतं, पांढरा धूर ओकतं, आणि गरम झाल्यावर शांत होतं. अशा गाड्यांचे नॉझल विनाकारण खोलले जातात.

चौथा मुद्दा हा या लेखाचा गाभा आहे : वायर म्हणजे वायर, कोणतीही चालते.

एखाद्या ‘डायरेक्ट’ केलेल्या जीपचं बॉनेट उघडून पाहा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर एक लाल वायर नुसती गुंडाळलेली, तिच्यावर पांढरा-हिरवट गंज. फ्यूज नाही. वायर फायरवॉलच्या पत्र्यातल्या भोकातून केबिनमध्ये शिरते. भोकात रबर नाही, तिथे इन्सुलेशन खरवडलेलं. आत हॉर्नचं बटण. तिथून दुसरी वायर, ती निळी, परत बाहेर. मध्ये दोन वायरी पिळून काळी टेप लावलेली आणि इंजिनाच्या उष्णतेने टेपचा डिंक वितळून ओघळलेला. शेवटी हिटर पट्टीवर एक थिंबल, वायर तिच्यात पक्कडीने चिमटलेली. थिंबलखालचा नट हाताने फिरतो. त्या नटाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून तडकलेलं. ते जळकं प्लास्टिकच सांगतं की हिटरला मिळायची उष्णता कुठे खर्च होत होती.

याचा हिशेब साधा आहे. एक प्लग तापून स्थिर झाल्यावर साधारण बारा अँपिअर घेतो, गार असताना त्याहून जास्त. चार प्लगचे पन्नासच्या आसपास होतात. घरच्या बटणाला वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून डॅशबोर्डवर जाऊन परत इंजिनापर्यंत तीन मीटर, एवढ्या प्रवाहाला पावणेदोन व्होल्ट एकटीच खाते. गंजलेली थिंबल, पिळलेला जोड आणि हॉर्नचं बटण मिळून आणखी काही खातात. बॅटरी हिटरच्या ओझ्याखाली साडेअकरा व्होल्ट देत असेल तर प्लगपर्यंत साडेनऊ पोहोचले तरी नशीब. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे दोन व्होल्ट गेले की जवळपास एक तृतीयांश उष्णता गेली. तीन इंची पंपाला अर्ध्या इंचाची नळी जोडून केळीला पाणी पुरत नाही म्हणून पंपवाल्याला शिव्या देण्यासारखं हे आहे. हरवलेली उष्णता, शंभर वॉटच्या आसपास, वायरीत आणि जोडांत जळते. इन्सुलेशन मऊ होतं, पत्र्याला टेकतं, आणि फ्यूज नसल्याने बॅटरीतला सगळा जोर त्या एका ठिकाणी उतरतो. माणसांनी खच्चून भरलेल्या जीपमध्ये बॉनेटखाली आग लागणं काय असतं, याचा विचार ‘डायरेक्ट’ करून देणाऱ्याने करायलाच हवा.

बटणाचा दुसरा तोटा असा की किती वेळ दाबायचं हे गाडी ठरवत नाही, हात ठरवतो. कंपनीचा टायमर ठरावीक सेकंदांनी प्रवाह तोडतो. बटणवाला घाबरून मिनिटभर दाबून धरतो, प्लगचं टोक फुगतं, फाटतं, आणि कधी त्याचा तुकडा चेंबरमध्ये पडतो. हाच माणूस मग ‘हिटर टिकत नाहीत’ म्हणून सांगतो.

मग करायचं काय? ही सुधारणा कोणत्याही तालुक्याच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला करता येते. बॅटरीपासून रिले आणि रिलेपासून पट्टी एवढ्या अंतरात दहा चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची ऑटोमोटिव्ह वायर घाला. दोन मीटरला ती पन्नास अँपिअरवर व्होल्टचा पाचवा भागसुद्धा खात नाही. टायमर रिले मिळत असेल तर तोच बसवा. नसेल तर सत्तर अँपिअरचा साधा चार पायांचा रिले घ्या. बटण ठेवायचंच असेल तर त्याने रिलेचं फक्त कॉइल चालवा, म्हणजे केबिनमधून एका अँपिअरहूनही कमी प्रवाह जाईल आणि तिथे बारीक वायर चालेल. बॅटरीपासून वीतभर अंतरात पट्टी फ्यूज बसवा. थिंबल क्रिंपिंगच्या हत्याराने दाबा, पक्कडीने नाही, आणि वर हीट-श्रिंक नळी चढवा. वायर सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब न्या, पत्र्याच्या भोकात रबर घाला. डॅशबोर्डची बत्ती पट्टीच्या बाजूने जोडा, म्हणजे पट्टीपर्यंत वीज आली तरच ती पेटेल.

अर्थिंग विसरू नका. प्लगमधून गेलेला प्रवाह इंजिनाच्या लोखंडातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जातो. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी वेणीची पट्टी गंजलेली असेल तर पॉझिटिव्हची वायर सोन्याची घातली तरी उपयोग नाही. दोन्ही टोकं सोडवून पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासा, मग आवळा.

काम झाल्यावर मिस्त्रीच्या शब्दावर गाडी नेऊ नका. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं हिटर पट्टीवर ठेवा आणि हिटर चालू करा. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवत आहेत. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर काम चोख झालं. दोनच्या घरात असेल तर पैसे देऊ नका. हीच तपासणी इंजिनाचं लोखंड आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात करा. मालकाच्या हातात यापेक्षा मोठं शस्त्र नाही, आणि मल्टिमीटर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात स्वस्तात मिळतो.

पाचव्या मुद्द्यात खरं तथ्य आहे : जुना प्लग काढायला गेलं तर तो हेडमध्ये तुटतो. तुटतो, आणि मग हेड उतरवावं लागतं. पण तो तुटतो घाईने. इंजिन गरम करून, गंज सोडवणारं ऑइल आदल्या रात्री मुरवून, थोडं सैल-थोडं घट्ट करत काढला तर बहुतेक प्लग निघतात. दर दोन-तीन वर्षांनी एकदा सोडवून, कार्बन पुसून परत बसवलेला प्लग जाम होतच नाही. वर्षानुवर्षं न बघणं हेच तुटण्याचं कारण आहे; ते न बघण्याचं समर्थन होऊ शकत नाही. नवे घेताना चारही एकाच जातीचे, गाडीच्या व्होल्टेजचेच घ्या. काही फार जुन्या इंजिनांत प्लग एकामागे एक साखळीने जोडलेले असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन व्होल्टसुद्धा येत नाहीत. तिथे बारा व्होल्टचे प्लग घातले तर ते कोमटसुद्धा होणार नाहीत.

हिटरऐवजी जे उपाय चालतात त्यांचंही बोलू. एअर फिल्टर काढून पेटता बोळा धरणं, नळीत ईथरचा फवारा मारणं, उतारावर लावून धक्क्याने चालू करणं, रात्रभर इंजिन चालूच ठेवणं. ईथर आणि तापलेला प्लग एकत्र आले की चेंबरमध्ये वेळेआधी स्फोट होतो. रिंगा आणि पिस्टनच्या कडा तुटतात. देवगोई किंवा चांदसैली घाटाच्या उतारावर बंद इंजिनाची जीप सोडणं जिवावरचं आहे, कारण इंजिन बंद असताना ब्रेकला व्हॅक्यूमची मदत मिळत नाही. रात्रभर जळलेल्या डिझेलच्या पैशात हिटरची वायरिंग कितीतरी वेळा झाली असती.

राहिला शेवटचा आणि शहरी मुद्दा : इतकी जुनी गाडी भंगारात का घालत नाही? भंगार धोरण २०२१ साली आलं, पण खासगी गाडीला १५ वर्षांनंतर तपासणी करून पुन्हा नोंदणी मिळते. डिझेल गाड्यांना १० वर्षांची मर्यादा दिल्ली परिसरासाठी होती, नंदुरबारसाठी नाही. कायद्याची कसोटी गाडी योग्य आहे की नाही ही आहे, आणि योग्य गाडी ठेवणं हे मालकाचं काम आहे. प्रदूषणाची ज्यांना चिंता आहे त्यांनी तर हिटर दुरुस्तीसाठी सर्वांत आधी आवाज उठवायला हवा, कारण सकाळचा पांढरा धूर म्हणजे कच्चं डिझेल, आणि गरम इंजिनावर होणाऱ्या पीयूसी तपासणीत तो कधीच सापडत नाही.

या गाड्यांचा कमाईचा हंगाम आणि थंडी एकाच वेळी येतात : दिवाळीत अस्तंब्याची यात्रा, दत्तजयंतीला सारंगखेड्याची, ऊसतोड, मिरचीच्या पथाऱ्या, मोलगी आणि धडगावचे आठवडे बाजार. पाड्यावरून बांबूच्या झोळीत रस्त्यापर्यंत आणलेल्या बाळंतिणीला पहाटे दवाखान्यात नेणारं वाहन पुष्कळदा अशीच एखादी जुनी जीप असते. चार प्लग, एक रिले, एक फ्यूज आणि दोन-तीन मीटर वायर यांचा खर्च सहसा एका नव्या बॅटरीहून कमी भरतो.

तेव्हा मागणी साधी आहे. मिस्त्रींनी हिटर तोडणं आणि फ्यूजशिवाय डायरेक्ट करणं आजपासून बंद करावं. मालकांनी व्होल्ट मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आयटीआयमध्ये मेकॅनिक डिझेल शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने बाहेर पडण्याआधी एका जुन्या जीपची हिटर वायरिंग स्वतःच्या हाताने नव्याने करावी आणि व्होल्टचा आकडा वहीत लिहावा. दव गोठणाऱ्या डोंगरात गाडी चालवणाऱ्याला पहिल्या सेल्फला उठणारं इंजिन मिळणं हा त्याचा हक्क आहे, आणि तो हक्क चोख वायरिंगने सहज देता येतो.